ख्रिस्ती महाविद्यालयात स्पॅनिश शिकू पाहणारी आपली मुलगी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी पवनी तालुक्यातील एक गृहस्थ भंडारा येथे माझ्या कचेरीत आले. सोबत त्यांचे वडील बंधू आणि बारावी उत्तीर्ण झालेली कन्या होती. अनुसूचित जातीतील या कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. आजवर ही मंडळी माझ्याकडे येत ती धुऱ्याच्या तंट्यासाठी. या खेपेस त्यांनी माझ्यापुढे ठेवला तो एका महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज होता. महाविद्यालय परप्रांतातील, ख्रिस्ती संस्थेने चालविलेले. आणि मुलीने पदवीसाठी मुख्य विषय निवडला होता स्पॅनिश भाषा.

वडिलांच्या तीन शंका होत्या. तेथे मुलीला ख्रिस्ती करतील काय? ख्रिस्ती महाविद्यालयाचा शिक्का कागदावर बसला म्हणजे जातीचा दाखला व सवलती जातील काय? आणि स्पॅनिश शिकून पोट कसे भरणार? थोरल्या बंधूंनी चौथी शंका काढली. नुकतेच बौद्ध झालेल्या घराने आधी पाली शिकावी, सात समुद्रापलीकडची भाषा कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलगी हे सर्व ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "वकीलकाका, वर्षभर मोबाईलवर धडे ऐकून मी ही भाषा गिरवली आहे. आता ती मला थोडी थोडी येऊ लागली आहे. ती का शिकायची, हे मात्र मला कोणी विचारलेच नाही."

या शंका एका घरच्या नाहीत. ज्या ज्या नवदीक्षित कुटुंबातील मूल जिल्ह्याबाहेर पाऊल टाकते, त्या त्या घरी त्या या ना त्या रूपाने उपस्थित होतात. सबब त्या दिवशी मी जे उत्तर दिले, ते येथे सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

ख्रिस्ती शिक्षणसंस्था आणि आपण

प्रथम इतिहास पाहू. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला. तो अस्पृश्य आहे, एवढ्याच कारणावरून त्याला तेव्हा दार बंद झाले. ज्या काळात सरकारी शाळेची ही स्थिती होती, त्या काळात मिशनऱ्यांच्या शाळा पुष्कळ ठिकाणी आपल्या मुलांना बसू देत होत्या. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. आपल्या विदर्भात नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ साली निघाले, तेही स्कॉटिश मिशनऱ्यांच्याच प्रयत्नाने. हे ऋण आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्याने पाणी दिले त्याचे नाव घेण्यास बौद्ध माणसाने लाजू नये.

परंतु त्याबरोबर दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचा आयुष्यभर स्नेह राहिला, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. बाबासाहेबांनी १९३५ साली येवले येथे धर्मांतराची घोषणा केल्यावर निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांची मनधरणी केली; त्यात ख्रिस्ती धर्मगुरूही होते. बाबासाहेबांनी सर्वांचे ऐकून घेतले, एकवीस वर्षे विचार केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जो निर्णय घेतला तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. अशा रीतीने घेतलेला धम्म एका छात्रालयाच्या वास्तव्याने गळून पडेल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी मुलीला घरात कोंडण्याऐवजी आपण तिला धम्म किती समजावून दिला आहे, याचा विचार करावा. बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत पण त्यांचा अर्थ कळलेला नाही, अशी स्थिती असेल तर ते काम घरात झाले पाहिजे. आणि ते प्रवेशाच्या तारखेपूर्वीही होऊ शकते.

कायदा काय सांगतो

आता वकील या नात्याने सांगतो. भारतीय संविधानाच्या कलम २८ च्या तिसऱ्या खंडान्वये, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास अथवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीची संमती ही तिची स्वतःची असते. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ वाचावी, आणि प्रार्थनेस हजर राहण्याची संमती कोठे गुंतविली आहे काय, हे पाहावे. न वाचता केलेल्या सहीने आपल्या लोकांची किती शेते गेली, हे भंडाऱ्याच्या न्यायालयात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

कलम २९ चा दुसरा खंड म्हणतो की, राज्याकडून साहाय्य घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही. परंतु याच्या शेजारी कलम ३० आहे. त्याने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढून चालविण्याचा हक्क दिला आहे. ख्रिस्ती महाविद्यालये त्या हक्काखाली चालतात. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५ मध्ये जो पाचवा खंड आला, त्याने खाजगी संस्थांतही राखीव जागा ठेवण्याची वाट सरकारला मोकळी करून दिली, परंतु अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे वगळणे वैध ठरविले. तात्पर्य, राखीव जागेच्या भरवशावर ख्रिस्ती महाविद्यालयाच्या दारात जाऊ नये. तेथे प्रवेश गुणांवर आणि त्या संस्थेच्या नियमांवर मिळेल. शिष्यवृत्ती लागू होईल किंवा नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयास लेखी अर्ज करून विचारावे व उत्तरही लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दाखल्याविषयीची भीती सर्वांत मोठी आणि सर्वांत निराधार आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने आरंभी धर्माची जी अट घातली होती, तिच्यामुळे १९५६ नंतर आपल्या समाजाने केंद्राच्या सवलती गमावल्या होत्या. त्या अन्यायाचे निवारण १९९० साली झाले, आणि बौद्धांचा त्या आदेशात समावेश करण्यात आला. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा दर्जा कायम राहतो. तो दर्जा माणूस कोणता धर्म पाळतो यावर अवलंबून आहे. तो कोणाच्या महाविद्यालयात शिकतो याचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही. अर्जातील धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे स्वच्छ लिहावे. दाखल्यावर जे आहे तेच सर्वत्र असावे. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, असे झाले म्हणजे पडताळणी समितीपुढे वर्षे जातात.

येथे एक गोष्ट नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. अनुसूचित जातीतून जे ख्रिस्ती झाले, त्यांना हा दर्जा अद्याप मिळालेला नाही. त्यांचा प्रश्न तपासण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली निवृत्त सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जातीने त्यांचा पिच्छा चर्चमध्येही सोडला नाही. आपली मुलगी ख्रिस्ती महाविद्यालयात जाईल तेव्हा तिच्या शेजारच्या बाकावर असा एखादा मुलगा किंवा मुलगी असण्याचा संभव आहे. तिने त्यांना परके समजू नये.

स्पॅनिशच का?

आता मुलीला कोणी न विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि पंचेचाळीस कोटींहून अधिक लोकांची ती मातृभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत तिची गणना होते. ही माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळेल. आपणास त्या भाषेशी याहून जवळचे कर्तव्य आहे.

आपल्या दुःखाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो 'कास्ट'. हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. स्पॅनिश व पोर्तुगीज या दोन भगिनी-भाषांत 'कास्ता' म्हणजे कूळ, वंश, पैदास. पोर्तुगीज लोक १६ व्या शतकात गोव्यास व पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावले, येथील जाती त्यांनी पाहिल्या, आणि आपल्या भाषेतील हा शब्द त्यांना लावला. तेथून तो इंग्रजीत गेला. म्हणजे जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याचा विचार त्या लोकांना नवा नव्हता. त्यासाठी त्यांच्यापाशी शब्द तयार होता.

तो विचार तेथे कसा राबविला गेला, हे प्रत्येक नवदीक्षिताने जाणून घेण्यासारखे आहे. १४४९ साली स्पेनमधील तोलेदो शहराने एक नियम केला. ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांना व त्यांच्या वंशजांना शहरातील अधिकाराच्या जागा मिळणार नाहीत, असा तो नियम होता. पुढे अशाच तऱ्हेचे नियम स्पेनमधील अनेक संस्थांनी, धर्मसंघांनी व महाविद्यालयांनी केले. त्यांना 'रक्तशुद्धीचे नियम' असे म्हणत. बाप्तिस्मा झाला तरी रक्त तेच, असा त्यामागील तर्क होता. धर्म बदललेल्या या लोकांना 'नवे ख्रिस्ती' हे नाव पडले, आणि नातवंडा-पतवंडांपर्यंत ते नाव पुसले गेले नाही. आपल्या गावात कोणी 'नवबौद्ध' हा शब्द विशिष्ट स्वराने उच्चारतो, तेव्हा त्यातील 'नव' कशासाठी असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला तोलेदोचा नियम निराळा समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिका खंडातील स्पॅनिश वसाहतींतही याच शब्दाखाली युरोपीय, मूळ रहिवासी व आफ्रिकी यांच्या संततीची वर्गवारी झाली. कोणत्या मातापित्यांचे मूल कोणत्या 'कास्ता'त पडते, हे दाखविणारी चित्रमालिका १८ व्या शतकात मेक्सिकोत काढली जात असे.

याच भाषेत याविरुद्धचा आवाजही उठला. बार्तोलोमे दे लास कासास हे स्पॅनिश धर्मगुरू. मूळ रहिवाशांवरील अत्याचारांचा त्यांनी लिहिलेला वृत्तांत १५५२ साली छापला गेला. १५५० व १५५१ मध्ये वायादोलिद येथे विद्वानांच्या सभेत त्यांनी मूळ रहिवाशांच्या माणूसपणाचा पक्ष मांडला. ते निर्दोष होते असे नाही. आरंभी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना त्यांनी स्वतः केली होती, आणि पुढे तिचा त्यांना पश्चात्ताप झाला. एकाच धर्मात, एकाच भाषेत जुलूमही आणि जुलमाचा जाबही कसा सापडतो, हे मूळ भाषेत वाचणारी मुलगी कोणत्याही धर्माने दिपून जाणार नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाचा आंधळा द्वेषही करणार नाही.

आणखी एक चरित्र सांगतो. ते आमच्या व्यवसायातील माणसाचे आहे. बेनितो हुआरेस यांचा जन्म १८०६ साली मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, सापोतेक या मूळ रहिवासी जमातीत झाला. तिसऱ्या वर्षी आईबाप गेले. मुलगा मेंढरे राखी. बाराव्या वर्षी घर सोडून तो शहरात आला, तेव्हा त्याला स्पॅनिश बोलता येत नव्हते. एका धर्मशील पुस्तक-बांधणाऱ्याने त्याला आश्रय दिला, आणि तो ख्रिस्ती धर्मगुरू घडविणाऱ्या विद्यालयात शिकू लागला. पुढे ते विद्यालय सोडून त्याने कायद्याचा अभ्यास केला, वकील झाला, न्यायाधीश झाला, आणि १८५८ पासून १८७२ साली मृत्यू येईपर्यंत मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष राहिला. १८५५ साली मंत्री असताना त्याने केलेल्या कायद्याने धर्मगुरू व लष्कर यांच्या खास न्यायालयांचे विशेषाधिकार छाटले. चर्चच्या शाळेत शिकलेल्या माणसाने चर्च आणि राज्य यांची फारकत केली. म्हणजे कोणाच्या शाळेत शिकलो, यावरून आपण कोणाचे होतो हे ठरत नाही.

परंतु हुआरेस यांच्या चरित्राची दुसरी बाजूही आहे. त्यांच्याच पक्षाच्या १८५६ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनी मोडल्या गेल्या आणि त्यांच्याच बांधवांचे पुष्कळ नुकसान झाले. वर चढलेला माणूस सत्तेच्या भाषेत विचार करू लागला म्हणजे मागचे गाव त्याला दिसेनासे होते. १९५६ साली आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती याच जातीची होती.

पाली की स्पॅनिश?

थोरल्या बंधूंचा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी अक्षरांतील लेख सापडले, त्या तालुक्यातील मुलीला पाली यावी, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु पाली शिकण्यासाठी दुसरी भाषा टाकावी लागते, हे खरे नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१२ साली ते पदवीधर झाले तेही फारसी व इंग्रजी घेऊन. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी फ्रेंच व जर्मन यांचेही प्राथमिक पाठ घेतले. संस्कृत ते पुढे स्वप्रयत्नाने शिकले, आणि पाली भाषेचे व्याकरण व कोश यांवर त्यांनी केलेले काम त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. ज्या महापुरुषाला एक भाषा नाकारली गेली, त्याने अनेक भाषा आपल्याशा केल्या. आज आपणच आपल्या मुलीला एखादी भाषा नाकारावी, हे त्याच्या अनुयायांस शोभत नाही.

भगवान बुद्धांचीही दिशा हीच आहे. विनयपिटकात कथा आहे की, ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत घालण्याची अनुमती मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ज्याने त्याने आपापल्या बोलीत धम्म शिकावा अशी आज्ञा दिली. ज्या धम्मात कोणतीही एक भाषा पवित्र नाही, त्या धम्मात कोणतीही भाषा विटाळ ठरू शकत नाही.

उलट दिशेचे उदाहरणही मुंबईत घडले आहे. फादर हेन्री हेरास हे स्पेनमधील जेझुइट १९२२ साली मुंबईस आले, सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी इतिहास शिकविला, आणि १९२६ साली भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली. १९५५ साली त्यांचे निधन होईपर्यंत मोहेंजोदडोच्या लिपीसारख्या विषयांत ते बुडालेले होते. स्पेनचा मनुष्य येथे येऊन आपला भूतकाळ वाचू शकतो, तर भंडाऱ्याच्या मुलीने स्पेनचा आणि मेक्सिकोचा भूतकाळ का वाचू नये?

पोटाचा प्रश्न

राहिली पोटाची चिंता. तिला मी खोटा दिलासा देणार नाही. नुसत्या पदवीने कोणतीही भाषा भाकरी देत नाही. स्पॅनिशचे उच्चार मराठी जिभेला जड नाहीत. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांवर उच्चारला जातो, आणि 'तू' व 'आपण' हा भेदही त्या भाषेत आहे. परंतु भाषांतर, दुभाषेपण, अध्यापन किंवा परदेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीतील काम मिळण्यास बोलण्यालिहिण्यावर पक्की हुकूमत लागते. ती परीक्षेपुरत्या अभ्यासाने येत नाही. म्हणून मी मुलीस तीन गोष्टी सांगितल्या. भाषेबरोबर हिशेब, संगणक अथवा अध्यापन यांपैकी एक विद्या जोडून घे. स्पॅनिश सरकारची मान्यता असलेली प्रावीण्य परीक्षा पदवीच्या काळातच दे. आणि ख्रिस्ती महाविद्यालयाचा खर्च झेपला नाही, तर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात व हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात ही भाषा शिकवली जाते आणि तेथे राखीव जागा आहेत, हे विसरू नको. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जावयाचे झाल्यास राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे.

वडिलांनी उठता उठता विचारले, "वकीलसाहेब, तुमची मुलगी असती तर पाठवली असती?" मी म्हणालो, पाठवली असती, परंतु तिच्याकडून एक वचन घेऊन. चार वर्षांनी तिने लास कासास यांच्या वृत्तांताची निदान दहा पाने इंग्रजीच्या आधारावाचून, थेट मूळ स्पॅनिशवरून मराठीत आणावीत आणि आपल्या विहारात वाचून दाखवावीत. त्यानंतर आपल्या लोकांनी लिहिलेली एखादी आत्मकथा स्पॅनिशमध्ये न्यावी. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची विचारणा केली होती. २००१ साली डर्बनच्या जागतिक परिषदेत आपल्या लोकांनी जातीचा प्रश्न मांडला. जगाच्या दरबारात आपली कैफियत आजवर इंग्रजीतूनच गेली. ज्यांच्या भाषेतून 'कास्ता' हा शब्द आला, त्यांना त्या शब्दाखाली काय सोसावे लागले हे त्यांच्याच भाषेत सांगणारी एक मुलगी आपल्या जिल्ह्यातून निघावी, असे मला मनापासून वाटते.

मुलीने ते वचन दिले. अर्ज आम्ही चौघांनी मिळून ओळ न् ओळ वाचला, आणि धर्माच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने 'बौद्ध' असे लिहिले. ज्या भंडाऱ्याच्या मतदारांनी १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पराभूत होताना पाहिले, त्या भंडाऱ्यावर एक कर्ज आहे. ते सभा-संमेलनांतील घोषणांनी फिटणारे नाही. आपली मुले आपल्या अभ्यासाने ते थोडे थोडे फेडू शकतील. वडीलधाऱ्यांनी निदान त्यांची वाट अडवू नये, एवढीच माझी आपणा सर्वांस नम्र विनंती आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.